आधी धाऊचा धोंडा

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे, आणि गेल्या श्रावणात सलग चार दिवस मी खोटारडा ठरलो होतो. आता तो डाग पुसला गेला आहे, म्हणून तर मोकळ्या मनाने तुमच्याशी बोलतो आहे. त्या चार दिवसांत कुणी विचारलं असतं, तर मी तोंडही उघडलं नसतं.

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात माझं चित्र असतं. पण तो पुस्तकातला काटा किरकोळ; खोडरबर मोजता मोजता दमणारा. मी पन्नास किलोपर्यंत तोलणारा आहे. घड्याळासारखी गोल तबकडी, वर टांगायला कडी, खाली हूक आणि पोटात पोलादी स्प्रिंग. मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि कर्जतच्या बाजारपेठेतल्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात मी चार वर्षं खिळ्याला लटकत होतो. येणारी गिऱ्हाइकं कुलपं आणि बिजागऱ्या घेऊन जात. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली एक चष्मा लावलेल्या बाई दुकानात आल्या. त्या म्हणजे प्रमोदिनीताई. कर्जतच्याच, भिसेगावात राहणाऱ्या, कॉलेजात शिकवणाऱ्या. दुकानदाराने मला खाली काढलं आणि विचारलं, "काय मोजायचंय बाई? भात की पेंढा?"

"बायकांचं काम मोजायचंय," प्रमोदिनीताई म्हणाल्या.

दुकानदार हसला. खरं सांगतो, मीही हसलो होतो. काम कधी हुकाला लागतं का?

त्यामागची हकिकत मला नंतर कळली. ताईंनी त्याआधी पायथ्याच्या वाड्यांमध्ये फिरून साठ बायकांना विचारलं होतं, तुम्ही काय काम करता? आणि झाडून सगळ्यांनी सांगितलं होतं, "काय नाय, घरीच असते." ताईंनी छापील फॉर्मवर प्रत्येकीपुढे लिहिलं, 'काम नाही'. परत येताना उतारावर त्यांना त्यांतलीच एक बाई भेटली. डोक्यावर लाकडाची मोळी, काखेत पोर, हातात कोयता. ताईंनी विचारलं, "आत्ता तर म्हणालीस ना, काही काम नाही?" ती म्हणाली, "मंग? ह्ये काय काम हाय व्हय?" त्या संध्याकाळी ताईंनी साठच्या साठ फॉर्म फाडले, आणि दुसऱ्या दिवशी मला विकत घेतलं. त्या काळी आमच्या भागात बायकांच्या श्रमाचा असा अभ्यास कुणी केलाच नव्हता. बायका काम करतात हे सगळ्यांना दिसत होतं, पण ते किती हे कुणी मोजलं नव्हतं.

ती मोळीवाली बाई म्हणजे धाऊ. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं सुख आणि सगळ्यात मोठा अपमान, दोन्ही मला तिच्यामुळेच मिळालं.

पहिल्या दिवशी ताईंनी मला वाडीबाहेरच्या आंब्याच्या फांदीला टांगलं. नवाकोरा होतो. तबकडी लखलखत होती. बायका भोवती जमल्या आणि मी जरा मिरवतच होतो. ताई म्हणाल्या, "धाऊबाई, तुमची मोळी लावा." धाऊने मोळी खाली टाकली, पण हुकाला लावली नाही. फडक्याच्या गाठोड्यातून तिने एक गोल, काळा, नदीतला धोंडा काढला आणि म्हणाली, "आधी माझा धोंडा मोज."

झालं होतं असं, की हिरडा आणि शिकेकाई घ्यायला येणारा व्यापारी आपला काटा घेऊन येई, आणि तो काटा बायकांचा माल नेहमी हलकाच दाखवी. धाऊला लिहिता वाचता येत नव्हतं, पण तिला कुणी फसवलेलं खपत नसे. तिने नदीतून हा धोंडा उचलला, कर्जतला रेशनच्या दुकानात नेला आणि सरकारी शिक्क्याच्या वजनांवर मोजून घेतला. बरोबर साडेचार किलो. तेव्हापासून कुठलाही काटा समोर आला की ती आधी धोंडा लावायची. काट्याने साडेचार दाखवले तर माल लावायची, नाहीतर गाठोडं उचलून चालू लागायची.

ताईंचा चेहरा उतरला. त्या व्यापारी थोड्याच होत्या! मला तर भयंकर राग आला. कारखान्यातून तपासून आलेला मी, आणि नदीतला एक धोंडा माझी परीक्षा घेणार? पण धाऊ हटली नाही. शेवटी ताईंनी धोंडा लावला. मी साडेचार दाखवले. ताईंनी वहीच्या कोपऱ्यात लहान अक्षरात लिहिलं, 'धोंडा साडेचार', आणि मगच धाऊने मोळी लावली. अठ्ठावीस किलो.

त्यानंतर आठ वर्षं हाच नेम चालला. ताई वाडीवर असोत, शेतावर असोत की मातीकामावर, धाऊ गाठोडं घेऊन हजर. आधी धोंडा, मग बाकी सगळं. एकदा पावसाळ्यात माझ्या पोटात ओल शिरली आणि मी अडखळून पाच दाखवले. धाऊ म्हणाली, "नाय बाई, आज तुमचा काटा खोटं बोलतो. आज नको." ताईंनी ते पान आडवी रेघ मारून रद्द केलं. मला इतकी लाज वाटली, की दुसऱ्या दिवशी तेलाचे दोन थेंब पडेपर्यंत मी कुणाकडे बघितलं नाही. धोंड्याशी तर मी तेव्हापासून उभा दावा मांडला.

माझा सगळ्यात मानाचा दिवस लोधिवलीजवळचा. तिथे एका माळावर भरावाचं काम चाललं होतं. पुरुष खणायचे आणि बायका मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहायच्या. बायकांना मजुरी कमी. मुकादम म्हणायचा, "बायांचं काम हलकं हाय. नुसती पाटी न्यायची न टाकायची." ताईंनी माझ्यावर पाट्या मोजल्या. एकेक पाटी सोळा किलोची. मग दिवसभर उन्हात बसून त्यांनी खेपा मोजल्या. धाऊच्या एकटीच्या एकशे नव्वद खेपा झाल्या. संध्याकाळी ताईंनी गुणाकार केला आणि मोठ्याने वाचला. सकाळपासून धाऊने तीन हजार चाळीस किलो माती डोक्यावरून नेली होती. घरी गेल्यावर पाणी भरायचं ते वेगळंच.

मुकादमाने मान हलवली. "ह्यो काटा बाईंचाच. बाईंच्या बाजूनंच दाखवणार ना?"

तेवढ्यात धाऊने गाठोडं सोडलं. "ह्यो धोंडा घे. रेशनच्या दुकानात मोजलेला हाय, समद्यांना ठावं हाय. लाव."

मुकादमाने स्वतःच्या हाताने धोंडा लावला. मी श्वास रोखून धरला आणि साडेचारावर थांबलो. बघणारे पुरुषसुद्धा मुकादमाला हसले. पुढच्या आठवड्यापासून त्या कामावर बायकांची मजुरी पुरुषांइतकी झाली. घरी जाताना ताईंनी मला मांडीवर घेतलं होतं.

पुढे ताईंचा अहवाल छापला गेला. त्यात मोळ्या होत्या, हंडे होते, पाट्या होत्या, बाईच्या दिवसाचा सगळा भार किलोकिलोने मांडला होता. तो दिल्लीला गेला, परदेशी गेला. बाईचं काम हलकं असतं असं कुणी म्हणालं, की लोक ताईंचे आकडे पुढे करू लागले. दूरदूरच्या मुली भिसेगावच्या घरी शिकायला येत आणि मला हातात घेऊन बघत. ताई त्यांना एकच गोष्ट शंभरदा बजावत. "असेल असं लिहायचं नाही. मोजलं असेल तर लिहा, नसेल तर परत जा."

मग दिवस पालटले. धाऊ गेली. ताई निवृत्त झाल्या, त्यांचे गुडघे दुखू लागले, आणि मी खुंटीवर आलो. एक दिवस अण्णांनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, मला खुंटीवरून काढलं. मला वाटलं, चला, काहीतरी काम निघालं. कसलं काय! अण्णांना बागेचा नाद. त्यांनी मला ओसरीच्या वाशाला टांगलं आणि माझ्या हुकाला मनीप्लँटची मोठी कुंडी अडकवली. माती आणि पाणी धरून बारा किलो. रोज सकाळी अण्णा तिला पाणी घालायचे आणि थोडं माझ्या अंगावर सांडायचे. चौदा वर्षं, मित्रांनो! रात्रंदिवस एकच वजन. वेलीने माझी तबकडी झाकून टाकली. पन्नास किलोच्या मोळ्या तोलणारा मी कुंडीचा खिळा होऊन बसलो.

गेल्या श्रावणात सई आली. ही नेरळची मुलगी, ताईंच्याच विषयावर अभ्यास करणारी. ताईंच्या जुन्या अहवालाचं तिने नवं पुस्तक सिद्ध केलं होतं. आकडे संगणकावर चढवले होते, छापखान्याची तारीखही ठरली होती. तिला मुखपृष्ठावर माझा फोटो हवा होता. अण्णांनी वेल बाजूला सारली, कुंडी उतरवली, सईने कपड्याने माझा चेहरा पुसला आणि ताई हसत हसत पुढे झाल्या. पुढे झाल्या आणि तशाच थांबल्या.

माझ्या हुकाला काहीही नव्हतं. आणि माझा काटा दोनावर होता.

सईने मला हलवलं, टिचकी मारली, उलटं करून परत सरळ केलं. मी जीव तोडून शून्यावर जायचा प्रयत्न केला. जमेना. पोटातली स्प्रिंगच सैल झाली होती.

"माझ्या कुंडीने झालं असेल गं," अण्णा कसनुसं तोंड करून म्हणाले.

"असेल?" ताई म्हणाल्या. "अहो, आणि आधीपासूनच असेल तर? प्रत्येक पाटीत दोन किलो जास्त. एकशे नव्वद खेपांत तीनशे ऐंशी किलो. मी सगळ्या जगाला खोटं सांगितलं असेल तर?"

"मॅडम, तुम्ही तेव्हा शून्य बघत असालच ना?" सई म्हणाली.

"बघतच असेन," असं म्हणून ताई खुर्चीत बसल्या. स्वतःच्या तोंडून काय निघालं ते त्यांनाच कळलं. असेन!

त्यांनी सईला छापखान्याला फोन करायला लावला. पुस्तक थांबवा. सई रडवेली झाली. ताई म्हणाल्या, "चूक असेल तर मीच जाहीर करीन. पण मग लोक म्हणतील, बघा, बायकांचं काम हलकंच होतं, मोजणारीने वाढवून लिहिलं. त्या बायकांनी ओझी वाहिली गं खरोखर. माझ्यापायी त्यांची ओझी खोटी ठरतील." चार दिवस त्या धड जेवल्या नाहीत. मला टेबलावर ठेवून त्या माझ्याकडे बघत बसायच्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की ताई, मी तेव्हा खरा होतो! पण मला वाचा कुठे? माझं बोलणं म्हणजे काटा, आणि तो तर दोनावर अडकलेला.

पाचव्या दिवशी सकाळी चिंधी आली. चिंधी म्हणजे धाऊची लेक. लहानपणी आईच्या मागे पळत यायची, आता स्वतःच पन्नाशीची आहे. श्रावणात ती दर आठवड्याला करटुली आणि रानभाज्या घेऊन बाजारात येते आणि जाताना ताईंकडे थोडी टाकून जाते. ताईंचा चेहरा बघून तिने विचारलं, "काय गं सई, बाईंना बरं नाय का?"

सईने सगळं सांगितलं. चिंधीने मला उचललं, तबकडी बघितली आणि सहज म्हणाली, "मंग धोंडा लावला का?"

"कसला धोंडा?" सईने विचारलं.

"आयचा. काट्यावर इस्वास नसला तर आधी धोंडा लावायचा ना! वहीत लिवायच्या की बाई, दर टायमाला."

ताई ताडकन उभ्या राहिल्या. गुडघ्यांचं त्यांना भानच राहिलं नाही. "चिंधी, तो धोंडा आहे अजून?"

"हाय की. कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराशी लावते मी. मुंगूस येतो ना."

सईने चिंधीला स्कूटरवर मागे बसवलं आणि दोघी वाडीकडे गेल्या. ताई दारात उभ्या होत्या. अण्णांनी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो निवला. दीड तासाने स्कूटर आली. चिंधीच्या मांडीवर फडक्यात बांधलेला तो माझा जुना वैरी होता. मित्रांनो, त्याला बघून मला इतका आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सगळे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. मला ताईंनी पिशवीतून बरोबर घेतलं होतं. दुकानदार रूपेशने इलेक्ट्रॉनिक काट्यावर धोंडा ठेवला. लाल आकडे उमटले. चार किलो पाचशे दहा ग्रॅम.

"दहा ग्रॅम जास्त," ताई आकड्यांवर बोट ठेवत म्हणाल्या.

चिंधीने वाकून बघितलं. "बाई, वरची दहा ग्राम कोंबड्यांची हायत. धुवायचा राहिला."

रूपेशने तांब्याभर पाणी दिलं. चिंधीने धोंडा घासून धुतला, पदराने पुसला आणि परत ठेवला. चार किलो पाचशे. बरोबर साडेचार.

घरी येऊन ट्रंकेतल्या वह्या निघाल्या. सात वह्या. सई एकेक पान उलटून कोपरा वाचू लागली आणि अण्णा बोटं दुमडत मोजू लागले. धोंडा साडेचार. धोंडा साडेचार. धोंडा साडेचार. तीनशे बारा पानं, आणि एकाही पानावर दुसरा आकडा नाही. फक्त एका पानावर 'धोंडा पाच' होतं आणि ते सबंध पान आडव्या रेघेने रद्द केलेलं होतं. म्हणजे माझी चूक जेव्हा झाली तेव्हा ती पकडलीही गेली होती. बाकी सगळी वर्षं मी खरा होतो. खोटं बोलायला मला लावलं ते अण्णांच्या कुंडीने, आणि तेव्हा मी कुणाचं काहीच मोजत नव्हतो.

ताईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मग त्या हसायला लागल्या. चार दिवसांचं सगळं ओझं त्या हसण्यातून उतरलं. अण्णा तर इतके हलके झाले, की त्यांनी कुंडी उचलून थेट परसात नेऊन ठेवली. सई छापखान्याला फोन लावत होती. माझ्याही पोटातली स्प्रिंग जरा हलल्यासारखी मला वाटली.

तेवढ्यात चिंधीने विचारलं, "सई, ह्यो आयचा धोंडा पुस्तकात कुटं लिवलाय?"

सईने ताईंकडे बघितलं. "आकड्यांच्या तक्त्यात तर नाहीये. जुन्या अहवालातही नव्हता. कोपऱ्यातलं काहीतरी खाजगी असेल म्हणून मी घेतलं नाही."

"मीच गाळला होता," ताई हळूच म्हणाल्या. "मला राग आला होता गं तेव्हा. धाऊचा माझ्यावर विश्वास नाही, हे लोकांना कशाला सांगायचं असं वाटलं. मग मीच तो विसरून गेले."

चिंधीने धोंडा मांडीवर घेतला. मग म्हणाली, तिच्या बोलण्यात राग नव्हता, "बाई, आठ वर्सं आय ह्यो धोंडा डोक्यावर घेऊन तुमच्या मागं फिरायची. मोळीच्या वरती ह्यो. पोटात पोर होतं तवाबी. आमाला म्हनायची, बाईंची मोजणी खरी झाली पायजे. समद्या बायांचं काम मोजलं तुमी. आन आयचं ह्ये काम मोजलंच नाय?"

मलाही माझी चाळीस वर्षांची अढी आठवली आणि लाज वाटली. जो धोंडा मला अपमान वाटत होता, त्याच्यामुळेच मी आज खरा ठरलो होतो.

ताई उठल्या. "सई, फोन ठेव. पुस्तक अजून एक दिवस थांबू दे." त्यांनी कोरा कागद घेतला आणि बराच वेळ खोडत, लिहीत बसल्या.

पुस्तक दिवाळीच्या आधी आलं. पहिली प्रत चिंधीच्या हातात दिली. तिने सईला म्हटलं, "वाच." सईने पहिलं पान उघडून वाचलं. 'या पुस्तकातली प्रत्येक मोजणी आधी धाऊने तपासली. त्यासाठी तिने साडेचार किलोचा धोंडा आठ वर्षं वाहिला. हे काम मी मोजलं नव्हतं. ती माझी चूक होती.'

"परत वाच गं," चिंधी म्हणाली. सईने परत वाचलं. मग चिंधीने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यात आयचं नाव कंचं?" सईने दाखवलं. चिंधी त्या दोन अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिली.

मित्रांनो, आता मी बरा आहे. सईने मला जाणत्या कारागिराकडे नेलं, त्याने स्प्रिंग बदलली आणि मी शून्यावर आलो. चिंधीने तो धोंडा ताईंकडेच ठेवला आहे. खुराड्याला तिने दुसरा शोधला. आम्ही दोघे एकाच फळीवर असतो आणि आमचं बरं चाललं आहे.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. जुन्या वस्तूंना त्यांचं काम करू द्या, त्यांना कुंड्या अडकवू नका. आणि घरातलं, शेतातलं, रस्त्यावरचं कुणी 'काय नाय, घरीच असते' असं म्हणालं, तर लगेच लिहून घेऊ नका. तिचं ओझं एकदा उचलून बघा. माझ्याकडे हल्ली नव्या मुली मोजायला शिकायला येतात. त्या घाईने मला उचलतात, कडीला धरतात आणि काहीतरी लावायला बघतात. मी मनातल्या मनात म्हणतो, थांबा गं पोरींनो, आधी धाऊचा धोंडा लावा.